कारलं कोणीच नेत नाही

१२ ऑगस्ट, शनिवार

आज एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो, म्हणजे माझ्या माघारी ही वही कोणी उघडलीच तर मरणाचं कारण शोधायला त्रास पडू नये. तक्रार कारल्याविषयी आहे.

माझ्या दारातल्या फ्रिजमध्ये रोज सकाळी कोणीतरी कारल्याचा डबा ठेवून जातं. इथलं कारलं पांढरं, गुबगुबीत, दिसायला सात्त्विक. खारवलेल्या काळ्या सोयाबीनबरोबर शिजवलेलं. झाकणावर 'शाकाहारी' एवढंच लिहिलेलं असतं, तेही पहिलीतल्या पोराच्या अक्षरात. वर दोन रबरबँड, एक उभा, एक आडवा. डबा दिवसभर तसाच बसून राहतो. कारलं कोणीच नेत नाही. या गल्लीत मांस न खाणारा इसम एकच, आणि अन्न वाया जाऊ देणार नाही अशी प्रतिज्ञाही त्याच इसमाने केलेली. अतएव संध्याकाळ झाली की तो इसम निमूटपणे पान मांडतो.

कालच्यात मीठ जास्त होतं.

१४ ऑगस्ट, सोमवार

टेकडीवरच्या बौद्ध विद्यालयाने संस्कृतचा वर्ग बंद केला तेव्हा निरोपाच्या भेटी दोन मिळाल्या. एक शाल आणि एक काचेच्या दाराचा जुना फ्रिज. शाल या कीलुंग बंदराच्या दमट हवेत बुरशीने खाल्ली. फ्रिज मी खाली या गल्लीतल्या भाड्याच्या घराबाहेर, पत्र्याखाली लावला. बाजार उठता उठता ढकलगाडी घेऊन निघायचं, विकलं न गेलेलं पण खाण्याजोगं असेल ते मागून आणायचं, हुंगून, बघून, नीट लावून ठेवायचं. ज्याला हवं त्याने न्यावं. इतकी साधी योजना की व्याकरणात तिला अपवादसुद्धा नसावा.

आजची आवक: खानावळवाल्या याओबाईंचा तीन पातेली भात आणि दोन भाज्या, टोफूवाल्याकडचा कडेला तुटलेला टोफू, बेकरीतले लाल बीनचे पाव.

याओबाई भात काढून देताना म्हणाल्या, "लाओशी, खरं सांगा, कोणी नेतं का हे?"

"नेतात की."

"कोण?"

मी म्हटलं, "लोक." (शिकवणाऱ्या माणसाला इथे मरेपर्यंत लाओशीच म्हणतात. त्यामुळे तो जे बोलेल ते ऐकून घ्यायची पद्धत आहे.)

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. सगळी गल्ली आपापल्या पिशव्या घेऊन उभी. माझ्या हातात कोणी न नेलेल्या, आता डुकरांना जाणाऱ्या अन्नाची बादली, काठोकाठ भरलेली. याओबाईंनी ती बघितली आणि दुसरीकडे नजर वळवली. फार सभ्य बाई आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

आजपासून इथल्या चांद्र पंचांगाचा सातवा महिना. पाताळाचं दार उघडलं. ज्यांना मागे पान वाढणारं कोणी उरलं नाही असे सगळे भुकेले आत्मे महिनाभर वर फिरायला मोकळे. त्यांना भूत म्हणायचं नाही, वाईट वाटतं त्यांना. 'चांगले बंधू' म्हणायचं.

बंधूंच्या आधी वस्तीप्रमुख होंग आले. चांगला माणूस. निवडणूक जिंकूनही चपला बाहेर काढतो. खुर्चीच्या टोकावर बसून बराच वेळ हवामानाविषयी बोलले. इथे पाऊस पडतो यापलीकडे हवामान नाही, तरी बोलले. मग म्हणाले, "लाओशी, वरच्या मजल्यावाल्यांची तक्रार आहे. झुरळं येतात म्हणे."

"माझ्या फ्रिजात झुरळ दाखवा, मी खाऊन दाखवतो."

"ते नका करू. पण मला एक सांगा, रोज बादलीभर अन्न डुकरांना जातंय. मग फ्रिज कशाला? डुकरांचं तसंही बरं चाललंय." आपल्याच विनोदावर जरा हसून ते गंभीर झाले. "हा महिना जाऊ दे. या महिन्यात काही हलवू नये. पण महिना संपेपर्यंत लोक नेऊ लागले नाहीत, तर मी माणसं पाठवून उचलून नेईन. वाईट वाटून घेऊ नका."

नाही वाटून घेतलं. चहा दिला. ते गेल्यावर फ्रिजची काच पुसली, दोनदा.

वर्ग बंद झाला. रविवारी फोन करणारी माझी ताई गेल्या वर्षी सांगलीत वारली. आता माझ्या दाराशी माणूस थांबतो तो या फ्रिजपाशीच, तेही आत बघून पुढे जायला. तेवढं तरी आहे. उचलून नेला तर तेही नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

लोक का नेत नाहीत, हे मला कळतं. समोरच्या पायऱ्यांवर सदैव चार म्हातारे बसलेले. वर गॅलऱ्या. फ्रिज उघडला की साऱ्या गल्लीला कळतं, अमक्याच्या घरी चूल पेटली नाही. 'गरजूंसाठी' अशी पाटी मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती. तरी काचेचं दार ते काचेचंच.

या दृष्टीने आमा हे माझं मुख्य प्रकरण आहे. आमा म्हणजे आजी. इथे प्रत्येक म्हातारी आमाच असते, पण ही विशेष. ठेंगणी, एका बाजूला झुकत चालणारी, हातात फुलाफुलांची कापडी पिशवी, मनगटावर बांगड्यांसारखे रबरबँड. सकाळी, पायऱ्यांवरचे म्हातारे यायच्या आधी, ती फ्रिजपाशी येते. मी पडद्याआडून पाहिलं आहे. दार उघडते. थोडा वेळ आत हात घालून उभी राहते. मग दार लावून रिकाम्या हाताने निघते.

रोज. बिचारीची हिंमत होत नाही.

या महिन्यात बाकी काही जमलं नाही तरी आमाने या फ्रिजमधून काहीतरी न्यायला हवं, असं मी ठरवलं आहे.

२० ऑगस्ट, रविवार

आज पडद्याआड न राहता झाडू घेऊन बाहेर गेलो. आमा दचकली. पिशवी पाठीमागे धरली.

"लाओशी, जेवलात का?" हे इथले नमस्कार-चमत्कार. उत्तर द्यायचं नसतं, पण मी देतो.

"जेवलो. कारलं."

"मग? बरं होतं?"

"मीठ जास्त होतं. रोजच असतं. कोण करतं कोणास ठाऊक, सढळ हाताचं माणूस दिसतं."

आमाने मनगटावरचे रबरबँड सारखे केले. मग म्हणाली, "कारलं काळजाची आग कमी करतं. तुमचं तोंड कडू आहे ते कारलं खाऊन झालंय की आधीपासूनच?"

"आधीपासून. संस्कृत शिकवायचो."

ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला. भिंतीला धरून बराच वेळ उभी राहिली. मी संधी साधून लाल बीनचा पाव पुढे केला.

"छे! मला कशाला? मी नुसती बघायला येते."

"काय बघायला?"

"फ्रिज चालू आहे का ते."

फार मानी बाई. जाताना म्हणाली, "डब्याचे रबरबँड टाकू नका हं. मला देत जा. फुकट कशाला घालवायचे?" मी बरणीतले सगळे दिले. गरिबीत माणूस रबरबँडसुद्धा सोडत नाही, या विचाराने जीव गलबलला.

२१ ऑगस्ट, सोमवार

नवल. आजच्या कारल्यात मीठ बेताचं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस. याओबाईंकडे नूडल्स उरल्या होत्या, वरून भाजलेलं डुक्कर. मी ते हुंगून ताजं आहे का हे ठरवतो, हा माझ्या ब्राह्मणपणाचा मृत्युलेख समजावा. संध्याकाळी बादली.

आमाला काही द्यायचा या आठवड्यातला आज तिसरा प्रयत्न, पाव. "दात नाहीत" म्हणाली. काल भाताच्या वेळी "साखर आहे मला" म्हणाली होती. परवा टोफूच्या वेळी माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "बारीक झालात." पाय दुखतात का विचारलं तर म्हणे, "डॉक्टर म्हणतो पायऱ्या चढू नका. मग घर काय खाली आणून ठेवू?"

मी कधीमधी लिहितो त्या पुण्याच्या पाक्षिकाच्या संपादकांचं पत्र: 'कीलुंगहून काही चुरचुरीत पाठवा.' चुरचुरीत असं इथे काही नाही. दिवसभरात बोललेली वाक्यं आज मनातल्या मनात आठवून पाहिली. त्यातली बहुतेक आमाशी.

३० ऑगस्ट, बुधवार. सातव्या महिन्याची पौर्णिमा

आज माझी अशी फजिती झाली की ती नीट क्रमाने लिहायला हवी.

पौर्णिमेला दुपारनंतर घराघराबाहेर, दुकानादुकानाबाहेर बंधूंसाठी टेबलं मांडतात. टेबलावर फळं, बिस्किटं, भात, प्रत्येक पदार्थात एकेक उदबत्ती खोचलेली. उदबत्ती जळेपर्यंत बंधू जेवतात, मग घरचे ते सगळं आत नेतात. टेकडीवर, विद्यालयात, हे सारं भिक्षुणी पाहत. मी त्या दिवशी पेपर तपासत बसलेला असे.

दुपारी याओबाई धावत आल्या. एका कंपनीने पूजेसाठी सांगितलेले जेवणाचे डबे पावसामुळे ऐनवेळी रद्द केले होते. डब्यांचा डोंगर! फ्रिजमध्ये त्यातला अर्धाही मावेना. मी घरातलं लिहायचं टेबल पत्र्याखाली काढलं, धुतलेली चादर अंथरली, फ्रिजमधले पाव आणि झाकणं उघडलेले डबे ओळीने मांडले, म्हणजे कशात काय आहे ते दिसावं. मग मनात आलं, माणसं बाहेरून येणार, चिखलातून येणार. आपल्याकडे पानावर बसण्याआधी हातपाय धुवायला पाणी देतात. म्हणून टेबलापाशी स्टुलावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं. शेजारी साबण. नवा कोरा टॉवेल घडी घालून.

आणि उभा राहिलो, हात पुसत, लग्नघरातल्या यजमानासारखा.

लोक आले. आले, थांबले, हात जोडले, मान लववली, पुढे गेले. डब्याला कोणी शिवेना. मला वाटलं, लाजताहेत. मी म्हणू लागलो, "घ्या ना, घ्या." एक म्हातारा माझ्याकडे पाहून दोन पावलं मागेच सरकला. एका बाईने आदराने उदबत्ती काढली आणि माझ्या बांबूच्या कोंबांच्या भाजीत खोचली. मग दुसरीने. बघता बघता माझं टेबल साळिंदरासारखं दिसू लागलं.

तेवढ्यात होंग आले. छत्री मिटता मिटता थबकले.

"लाओशी! तुम्ही कधीपासून बंधूंची पूजा करायला लागलात?"

"कसली पूजा? हे लोकांसाठी आहे. जिवंत लोकांसाठी!"

"मग हे घमेलं?"

"हात धुवायला."

होंग पायरीवर बसले. खाली बसल्याशिवाय त्यांना हसता येईना. पाणी आणि टॉवेल बंधूंसाठीच ठेवतात, लांबून येतात ना, तोंड धुवायला. हे मी गेली वीस वर्षं येता-जाता शंभर दारांत पाहिलं आहे. पाहिलं आहे एवढंच. आणि मी टेबलाशी उभा राहून "घ्या, घ्या" म्हणत होतो ते कोणाला, असं त्या म्हाताऱ्याला वाटलं असेल हे आता ध्यानात आलं.

"मग हे आवरतो," मी म्हटलं.

"वेडे आहात का? उदबत्त्या लागल्यात. बंधू जेवतायत. अर्ध्या जेवणावरून कोणी कोणाला उठवतं का?"

तेव्हा आम्ही थांबलो. मी, होंग, याओबाई, पायरीवरचे म्हातारे. पाऊस पत्र्यावर. उदबत्त्यांची राख भातावर पडत होती. आमाही आली, छत्रीला टेकून. तिने पिशवीतून एक उदबत्ती काढली आणि नेमकी कारल्याच्या डब्यात लावली. (आज तो डबाही टेबलावर होता. कोणी ठेवला देव जाणे.) डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "आमा, बंधूंना कारलं? आधीच बिचारे भुकेले."

"ज्यांचं कोणी नाही त्यांनी आधी जेवायचं," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, पण तिची नजर अधू आहे.

शेवटची उदबत्ती विझली आणि जे झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. पायरीवरच्या म्हाताऱ्याने उठून सरळ दोन डबे उचलले. "एक नातवाला. बंधूंचं उरलेलं खाल्लं की वर्ष बरं जातं." मग वरच्या मजल्यावरची ती तक्रारवाली बाई. मग ज्यांना मी महिनोन्‌महिने फ्रिजवरून नजर चुकवून जाताना पाहिलं, ते सगळे. भर उजेडात, एकमेकांना "तो घे, त्यात अंडं आहे" असं सांगत. कोणाची चूल पेटली नाही हा प्रश्नच उरला नव्हता. अन्न माझं नव्हतंच, बंधूंचं होतं, आणि बंधूंचं उरलेलं सगळ्यांचं असतं.

आमानेही घेतला! लाल बीनचा एक पाव. "तुमचा नाही हं, बंधूंचा," असं मला बजावून. माझा महिना सार्थकी लागला.

शेवटी टेबलावर एकच डबा राहिला. आमाने तो उचलून, राख फुंकून, माझ्या हातात दिला. "हे तुमचं."

"बंधूंनीसुद्धा टाकलं, म्हणून मला?"

ती हसली. पुन्हा खोकला. होंगनी तिला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. तिथून ती एकटीच वर गेली, प्रत्येक पायरीवर थांबत.

३१ ऑगस्ट, गुरुवार

याओबाईंनी फ्रिजसमोर रिकाम्या डब्यात वाळू भरून एक उदबत्ती लावली. ती विझायची वाट पाहत रांग लागली. फ्रिज रिकामा. बादली रिकामी. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस मला विचारतो, "लाओशी, आजारी का?"

होंग म्हणाले, "राहू दे तुमचा फ्रिज."

"आणि महिना संपल्यावर?"

"तोवर सवय होईल. उदबत्तीला तारीख कोण विचारतं?"

२ सप्टेंबर, शनिवार

कारल्याचा डबा कालही आला नाही, आजही नाही. मुक्ती. त्यानिमित्त स्वतःसाठी तुपातली खिचडी केली आणि आनंदाने जेवलो.

खिचडी जरा अळणी झाली.

५ सप्टेंबर, मंगळवार

फ्रिज भरतो आणि रिकामा होतो. दारात बोलणी, हसणी. आज दोन बायका फणसाच्या गऱ्यांवरून भांडल्या, कानांना फार बरं वाटलं. सगळे जण मला "लाओशी, जेवलात का?" विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत, जे योग्यच आहे.

डबा नाही. आमाही या आठवड्यात दिसली नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच वेळी व्हाव्यात हे विचित्र. कदाचित एक पाव घेतल्यावर तिला पुन्हा यायची लाज वाटत असेल. मी उगाच फार आनंद दाखवला.

सकाळी लवकर उठून पडद्याआड बसलो होतो. सवय.

६ सप्टेंबर, बुधवार

याओबाईंना विचारलं, "आमा कुठे दिसत नाही?"

"कुठली आमा?"

"आपली. ठेंगणी. फुलांची पिशवी. मनगटावर रबरबँड."

"अहो, माझ्या आईच्या मनगटावर पण आहेत रबरबँड. नाव काय?"

मग होंगना फोन केला. त्यांनाही मी तेच सांगितलं, त्यांनीही तेच विचारलं. नाव? माहीत नाही. आडनाव? माहीत नाही. "तुम्ही त्या दिवशी तिला हाताला धरून नेलंत की!" म्हटलं, तर म्हणाले, "त्या दिवशी मी सहा आमांना हाताला धरून नेलं. निवडून यायचं तर न्यावं लागतं. राहते कुठे?"

"वरती."

"वरती अख्खी टेकडी आहे, लाओशी." मग म्हणाले, "चौकशी करतो. तिचा खोकला बरा नव्हता, नाही?"

तेव्हा मला कळलं की त्यांना ती आठवली आहे, आणि त्यांना बोलायचं नाही.

मी तिला आमा म्हणायचो, ती मला लाओशी. नावं विचारायची राहून गेली.

७ सप्टेंबर, गुरुवार

बरणीत जमलेले रबरबँड खिशात घालून पायऱ्या चढलो. त्या दिवशी ती जिथून वर गेली तिथून. पायऱ्यांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे. दारंच दारं, दारांबाहेर चपला, आत टीव्ही. कोणालाही काय विचारणार? तुमच्याकडे आमा आहे का? प्रत्येकाकडे आहे.

अगदी वर एका बुटक्या घराच्या गच्चीवर कारल्याचा वेल चढवलेला दिसला. मांडव चांगला बांधलेला, जागोजागी रबरबँड लावून. पांढरी कारली लटकत होती, पण कोणी तोडलेली नव्हती. बरीच पिकून नारिंगी झालेली, दोनतीन फुटून लाल बिया बाहेर आलेल्या, खाली मुंग्या. दार बंद होतं, बाहेर चपला नव्हत्या. ऊन-पावसात इतका माल वाया जाताना बघवेना. काही अजून खाण्याजोगी आहेत. उद्या सकाळी जाऊन ते दार वाजवणार आहे, मालकाला विचारून उरलेली उतरवून आणीन. तिथेच आमाचंही विचारता येईल.

संध्याकाळी फ्रिज रिकामा झाला. सगळे आपापल्या घरी गेले. मी भात लावला आणि खाल्ला नाही.

कारल्याची तक्रार मी मागे घेतो. ती खरी तक्रार नव्हतीच. मला भीती वाटते आहे की आमा गेली असेल आणि मला कोणी कळवणार नाही, कारण कळवायला मी तिचा कोणी आहे हे कोणाला माहीत नाही.